रिकाम्या हार्ड डिस्कचे भाडे: क्रिप्टोत मिळते किती आणि त्यासाठी लागते काय

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क घेऊन आमच्याकडे आले. सोसायटीचा जुना सीसीटीव्ही संच बदलला, त्यातून निघालेली ती १ टेराबाइटची डिस्क होती. "अहो, अशी डिस्क इंटरनेटवर भाड्याने देता येते म्हणे आणि दर महिन्याला क्रिप्टोत पैसे जमा होतात. बसल्या जागी मिळणार असतील तर काय वाईट आहे? तुम्ही करता ना हे?" असे त्यांनी विचारले. मी गेली तीन वर्षे असा एक नोड, म्हणजे जागा भाड्याने देणारा संगणक, घरी चालवतो आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या दिवशी तासभर बोलूनही काही गोष्टी राहून गेल्या, म्हणून हा विषय सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रकार खरा आहे. आपल्या संगणकावरची मोकळी जागा अनोळखी ग्राहकांच्या फाइली ठेवण्यासाठी देता येते आणि तिचा मोबदला क्रिप्टो टोकनच्या, म्हणजे त्या जाळ्याच्या डिजिटल नाण्यांच्या रूपात मिळतो. मात्र हे भाडे जागेचे असते, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अपुरा आहे. निफाड, येवला, सिन्नर भागात कांद्याची चाळ पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. उन्हाळ कांदा चाळीत भरणे एका दिवसाचे काम असते, पण तो पावसाळाभर खालून-वरून हवा लागून टिकला पाहिजे, सडता कामा नये आणि दर चांगला आला की त्याच दिवशी बाहेर काढता आला पाहिजे. त्या टिकण्यालाच मोल असते. इथेही तसेच आहे. मोबदला मिळतो तो ठेवलेला डेटा चोवीस तास शाबूत ठेवण्याबद्दल आणि मागितल्या क्षणी परत देण्याबद्दल.

आता हे चालते कसे ते पाहू. उदाहरण म्हणून स्टोर्ज हे जाळे घेतो, कारण घरगुती वापरासाठी तेच त्यातल्या त्यात सोपे आहे. समजा, एखाद्या कंपनीला आपल्या चित्रफिती साठवायच्या आहेत. त्या फाइली तिच्याच बाजूला कुलूपबंद होतात, म्हणजे सांकेतिक रूपात बदलल्या जातात आणि त्यांची किल्ली जागा देणाऱ्याकडे कधीच येत नाही. त्यानंतर फाइलीचे जास्तीत जास्त ६४ मेगाबाइटचे भाग केले जातात आणि प्रत्येक भागाचे पुन्हा अनेक तुकडे करून ते जगभरातल्या वेगवेगळ्या घरांतल्या डिस्कवर पाठवले जातात. आपल्या घरात येतो तो अशा असंख्य फाइलींचा एकेक तुकडा. तो उघडून काही पाहता येत नाही आणि एकट्या तुकड्याला काही अर्थही नसतो.

यातला सर्वात सुंदर भाग तुकडे करण्याच्या पद्धतीत आहे, त्यामुळे तिथे थोडे थांबतो. एखादी फाइल दहा घरांत वाटली आणि त्यातले एक घर बंद पडले, तर फाइल गेली असे व्हायला हवे. मग ग्राहक अशा घरगुती डिस्कवर विश्वास कसा ठेवतो? समजा, मला १२ आणि ७ हे दोन आकडे जपून ठेवायचे आहेत. मी एका शेजाऱ्याकडे १२ लिहून ठेवला, दुसऱ्याकडे ७ आणि तिसऱ्याकडे त्यांची बेरीज १९. आता या तिघांपैकी कोणीही एक जण गावाला गेला, तरी उरलेल्या दोघांकडच्या आकड्यांवरून तिसरा आकडा काढता येतो. जास्त जागा लागली ती एकाच आकड्याची, पण तिघांपैकी कोणीही गैरहजर राहिला तरी चालते. स्टोर्जच्या मूळ रचनेत हेच गणित मोठ्या प्रमाणावर केलेले आहे: प्रत्येक भागाचे ८० तुकडे वेगवेगळ्या नोडवर ठेवायचे आणि त्यांतले कोणतेही २९ हाती आले, की मूळ भाग जसाच्या तसा उभा करायचा. म्हणजे निम्म्याहून अधिक घरे एकाच वेळी अंधारात गेली तरी ग्राहकाची फाइल सुरक्षित राहते. आपल्या घरच्या एका डिस्कवाचून कोणाचे अडत नाही, हे लक्षात ठेवावे, कारण भाडे इतके कमी का आहे याचे उत्तरही बऱ्याच अंशी यातच दडलेले आहे.

आपण तुकडे खरोखरच ठेवले आहेत की भाडे घेऊन पुसून टाकले आहेत, याची तपासणी जाळे सतत करते. समन्वयाचे काम करणारे सर्व्हर, ज्यांना तिथे सॅटेलाइट म्हणतात, अधूनमधून कोणत्याही तुकड्याचा एखादा छोटा अंश मागतात आणि आपल्या नोडला तो बिनचूक द्यावा लागतो. ही उत्तरे वारंवार चुकली, तर नोड कायमचा बाद होतो आणि मोबदल्यातून अनामत म्हणून राखून ठेवलेली रक्कमही (तिच्याबद्दल पुढे) जाते. स्टोर्जने नोडचालकांसाठी जाहीर केलेला दर असा आहे: १ टेराबाइट डेटा पूर्ण महिनाभर सांभाळल्यास १.५० डॉलर आणि ग्राहकाने डेटा परत उतरवून घेतल्यास प्रत्येक टेराबाइटमागे २ डॉलर. आपल्याकडे आत येणाऱ्या डेटाचे काही मिळत नाही. पूर्वी डेटा उतरवण्याचा दर याच्या दहापट होता. इंटरनेटवर फिरणारे घसघशीत कमाईचे जुने आकडे बहुधा त्या काळातले असतात, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.

याच कुळातली आणखी तीन नावे कानावर पडतात. सिया हे जाळे २०१५ पासून चालू आहे. तिथे जागा देणारा आणि ग्राहक यांच्यात ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर प्रती असलेल्या सामायिक नोंदवहीत, करार होतो आणि जागा देणाऱ्याला स्वतःचे सियाकॉइन तारण म्हणून अडकवावे लागतात; डेटा गमावला तर ते तारण बुडते. फाइलकॉइन २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. त्याचे नाव मोठे आहे, परंतु त्यासाठी लागणारी प्रचंड रॅम, ताकदवान ग्राफिक्स कार्ड आणि तारणाची रक्कम पाहता ते डेटा सेंटरचे काम आहे, घरातल्या टेबलाखालचे नव्हे. चिया या सर्वांहून वेगळे आहे. फाइली वाटून घेण्याच्या बिटटोरेंट या पद्धतीचे जनक ब्रॅम कोहेन यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या या जाळ्यात डिस्कवर कोणाच्याही फाइली येत नाहीत. प्रत्येकी सुमारे १०९ गिगाबाइटचे, आकड्यांनी भरलेले 'प्लॉट' तयार करून ठेवायचे आणि सोडतीसारखी आपल्या प्लॉटची पाळी येऊन नाणी कधी मिळतात याची वाट पाहायची, असे तिथले स्वरूप आहे. २०२१ च्या मे महिन्यात चियाचे एक नाणे १,००० डॉलरच्या वर गेले होते, लोकांनी त्यासाठी डिस्क घाऊक भावाने उचलल्या, आणि वर्षभरात त्याच नाण्याची किंमत १०० डॉलरच्या खाली आली. प्लॉट तयार करताना १ टेराबाइटहून अधिक तात्पुरते लेखन होत असल्याने अनेकांच्या एसएसडी त्या काळात अकाली झिजल्या, ते नुकसान वेगळेच.

आता हिशेब, कारण काकांचा खरा प्रश्न तोच होता. सोयीसाठी १ डॉलर म्हणजे ८५ रुपये धरू आणि विजेचा दर स्थिर आकार, वहन आकार असे सगळे मिळून युनिटमागे १० रुपये धरू; आपापल्या महावितरणच्या बिलावरची रक्कम युनिटांनी भागली की आपला खरा दर कळतो. रास्पबेरी पाय किंवा तत्सम छोटा संगणक आणि एक साधी साडेतीन इंची डिस्क मिळून साधारण १२ वॉट वीज घेतात. चोवीस तास आणि तीस दिवस चालू ठेवल्यास ८.६४ युनिट होतात, म्हणजे महिन्याला ८६ रुपये. काकांची १ टेराबाइटची डिस्क काठोकाठ भरलेली आहे असे मानले, तरी साठवणुकीचे १.५० डॉलर, म्हणजे १२७ रुपये मिळतात. महिन्याकाठी हाती उरतात ४१ रुपये. डेटा उतरवण्याचे चार पैसे वर मिळतील, परंतु त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

मोठी डिस्क घेतली तर? ४ टेराबाइटची डिस्क पूर्ण भरलेली असेल, तर महिन्याला ६ डॉलर, म्हणजे ५१० रुपये येतात आणि वीज वजा जाता ४२४ रुपये उरतात. डिस्कसाठी समजा ९,००० रुपये मोजले, तर ते वसूल व्हायला २१ महिन्यांहून अधिक काळ लागेल, तोही डिस्क पहिल्याच दिवशी भरली असे गृहीत धरून. प्रत्यक्षात तसे कधीच होत नाही. नवा नोड सुरुवातीला परीक्षेखाली असतो. प्रत्येक सॅटेलाइटच्या १०० तपासण्या पार पडेपर्यंत त्याच्याकडे नव्या डेटाचा अगदी थोडा वाटा वळवला जातो. त्यानंतरही डिस्क थेंबेथेंबे भरते आणि ग्राहक जुना डेटा पुसत राहतात तशी ती रिकामीही होत असते. माझ्या नोडवर पहिला १ टेराबाइट जमेपर्यंत मी दररोज सकाळी चहा घेताना तो आलेख उघडून पाहत असे. पुढे पुढे महिन्यातून एकदा पाहणेच बरे, हे उमगले.

यातही पहिले नऊ महिने पूर्ण मोबदला हाती पडत नाही. पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात ७५ टक्के, चौथ्या ते सहाव्यात ५० टक्के आणि सातव्या ते नवव्यात २५ टक्के रक्कम अनामत म्हणून राखली जाते. पंधरा महिने पूर्ण झाल्यावर तिच्यातली अर्धी परत मिळते आणि उरलेली अर्धी नोड रीतसर बंद केल्यावर. ही पद्धत मला रास्त वाटते. डेटा घेऊन मध्येच गायब होणाऱ्या माणसामुळे जाळ्याला त्याचे तुकडे दुसरीकडे नव्याने उभे करावे लागतात आणि तो खर्च कोणीतरी सोसायलाच हवा.

एका सोसायटीतल्या लोकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. इंटरनेटवरच्या आपल्या पत्त्यात, म्हणजे आयपी ॲड्रेसमध्ये, चार आकडे असतात. ज्यांचे पहिले तीन आकडे सारखे असतील, ते सगळे नोड स्टोर्ज एकाच ठिकाणचे मानते आणि त्यांच्या वाट्याचा नवा डेटा त्यांच्यात विभागते. एका इमारतीची वीज गेली म्हणून एकाच फाइलचे अनेक तुकडे एकदम गायब होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. काकांचे आणि माझे इंटरनेट एकाच सेवादात्याचे असल्यामुळे आमचे पत्ते याच रीतीने जवळजवळ निघण्याची शक्यता मोठी. तसे झाले तर दोघांनी मिळून दोन नोड चालवायचे आणि एकाचा डेटा वाटून घ्यायचा, एवढेच हाती लागते.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर सर्वात मोठी अडचणही सांगतो. बाहेरच्या ग्राहकाला आपल्या नोडपर्यंत थेट पोचता आले पाहिजे, त्यासाठी आपल्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी लागतो. आपल्याकडचे बरेच सेवादाते शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' या नावाने दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत, असे समजावे. मग स्थिर आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो आणि त्याचे वार्षिक शुल्क वरच्या हिशेबात बसवून पाहिले, की लहान डिस्कचा सगळा नफा तिथेच संपतो. शिवाय 'अमर्यादित' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती योजनांत महिन्याला ३.३ टेराबाइटची मर्यादा असते आणि काहींच्या अटींत घरी सर्व्हर चालवायला मनाई असते. त्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

नोड महिन्यातून पाच तासांपेक्षा अधिक बंद राहू नये, अशी स्टोर्जची अपेक्षा आहे. नाशिकमध्ये राहून ही अपेक्षा पाळताना काय होते, याचा अनुभव मला दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आला. मृगाच्या आधीच्या वळवाने शनिवारी संध्याकाळी कॉलनीतल्या गुलमोहराची मोठी फांदी तारांवर पाडली. वीज गेली, पण इन्व्हर्टरवर राउटर आणि नोड दोन्ही चालू होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. थोड्या वेळाने पाहतो तर फायबरच्या डबीवरचा लाल दिवा लुकलुकत होता: फांदीबरोबर इंटरनेटची वायरही तुटली होती. सेवादात्याच्या क्रमांकावर रविवारी कोणी फोन उचलला नाही आणि सोमवारी दुपारी दुरुस्तीवाला मुलगा शिडी घेऊन आला तोवर चाळीसहून अधिक तास उलटून गेले होते. नोड निलंबित होण्याची पातळी बरीच खाली असल्याने तो वाचला. मात्र उपस्थितीचा आकडा मागच्या तीस दिवसांवर मोजला जात असल्यामुळे तो पूर्ववत व्हायला महिना गेला. घरातली वीज आपल्या हातात असते, खांबावरची वायर नसते. 'बसल्या जागी उत्पन्न' हा शब्दप्रयोग मला खटकतो तो अशा वेळी. सुट्टीला कोकणात गेलो असतानाही फोनवर नोड चालू आहे ना हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डिस्कच्या जातीबद्दल थोडक्यात. स्वस्त बाह्य डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत नोंदीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असल्याने लहान लहान तुकडे सतत लिहिताना त्या मंदावतात. नोडसाठी सीएमआर पद्धतीची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्क बरी. घरातले फोटो किंवा कागदपत्रे त्याच डिस्कवर ठेवू नयेत. नोडचा माहितीफलक राउटरमधून बाहेरच्या जगासाठी उघडू नये. बाहेरून फक्त डेटाच्या देवाणघेवाणीचे दार उघडे असले म्हणजे पुरे.

मोबदला टोकनमध्ये मिळतो म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. दर डॉलरमध्ये ठरलेला असतो आणि महिना संपल्यावर त्या वेळच्या भावाने तेवढ्या किमतीची स्टोर्ज टोकन आपल्या वॉलेटवर, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात येतात. त्यामुळे भावातल्या चढउताराची जोखीम टोकन हातात पडल्यानंतर सुरू होते. ही टोकन इथेरियम या ब्लॉकचेनच्या मुख्य साखळीवरून पाठवायची तर व्यवहाराचे शुल्क लागते, म्हणून रक्कम पुरेशी साठेपर्यंत ती पाठवलीच जात नाही. झेडकेसिंक नावाच्या जोडसाखळीवरून कमी शुल्कात घेण्याची सोय आहे. मात्र आपले एक्स्चेंज, म्हणजे टोकन विकून रुपये देणारी सेवा, त्या साखळीवरून टोकन स्वीकारते का, हे आधी तपासावे, अन्यथा टोकन अडकून बसतात. वॉलेट परत उघडण्याची किल्ली असलेले १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. त्यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवू नये आणि ते कोणालाही सांगू नयेत.

भारतात क्रिप्टोला चलनाचा दर्जा नाही, पण ते बाळगायला बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे बँकांसाठीचे मनाईचे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. कर मात्र चोख आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्याला सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लावला, तसेच व्यवहाराच्या वेळी १ टक्का टीडीएस कापण्याची तरतूद केली. या नफ्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही, म्हणजे विजेचे बिल आणि डिस्कची किंमत तिथे दाखवता येत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळताही करता येत नाही. टोकन ज्या दिवशी मिळाले त्या दिवशीचा भाव रुपयांत एका वहीत लिहून ठेवण्याची सवय मी पहिल्या महिन्यापासून लावून घेतली. विवरणपत्र भरताना ते मिळकत म्हणून कसे दाखवायचे, हे सीएने त्या वहीवरूनच ठरवले.

आणि एका गोष्टीबाबत मी कळकळीने सांगतो. नोडचे खरे सॉफ्टवेअर फुकट असते, जाळ्यात सामील व्हायला कोणी प्रवेश शुल्क मागत नाही आणि ठराविक परताव्याची हमी कोणीच देत नाही, कारण डेटा किती येणार हे ग्राहकांवर अवलंबून असते. 'स्टोरेज मायनिंग'चे पॅकेज घ्या, दरमहा इतके टक्के मिळतील, आणखी दोन जण आणा, असे कोणी सांगू लागला तर तो डिस्क भाड्याने देण्याचा व्यवहार राहत नाही. आपल्या राज्याने हे जवळून पाहिले आहे. गेनबिटकॉइन योजनेत महिना १० टक्के परताव्याचे आश्वासन १८ महिन्यांसाठी दिले गेले होते आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली तेव्हा असंख्य गुंतवणूकदारांची पुंजी अडकलेली होती. वर केलेला ४१ रुपयांचा हिशेब अशा वेळी फार उपयोगी पडतो: १ टेराबाइट जागेचे खरे भाडे किती हे एकदा समजले, की तिच्यावर हजारो रुपये देऊ करणाऱ्याचे पैसे कुठून येत असतील, हा प्रश्न आपोआप पडतो.

मग हे कोणी करावे? ज्याच्याकडे संगणक किंवा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आधीपासूनच दिवसरात्र चालू आहे, त्यात दोन-चार टेराबाइट जागा रिकामी आहे, सार्वजनिक आयपी आहे आणि ज्याला हे यंत्र समजून घेण्यात मनापासून रस आहे, त्याने जरूर करावे. त्याला वाढीव वीज जवळजवळ लागत नाही आणि येईल ते भाडे निव्वळ राहते. नवी डिस्क विकत घेऊन या धंद्यात उतरू नये. थांबायचे ठरवले तर वायर ओढून मोकळे होऊ नये, कारण मग राखलेली रक्कम बुडते. नोडला सहा महिने झाल्यावर रीतसर बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येते, त्यानंतर तीस दिवस नोड चालू ठेवावा लागतो आणि तेवढ्या अवधीत जाळे आपल्याकडचे तुकडे दुसरीकडे हलवते.

काकांची डिस्क आम्ही त्याच संध्याकाळी माझ्या संगणकाला जोडून तपासली. आठ वर्षे सीसीटीव्हीत अखंड चाललेल्या त्या डिस्कवर खराब सेक्टरांची नोंद दिसत होती. ती नोडला लावली असती, तर पहिल्या काही महिन्यांतच तपासणीत चुकली असती. काकांनी ती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जाता जाता आपल्या राउटरचे पान कसे उघडायचे ते विचारून घेतले. तासाभराने त्यांचा फोन आला: वॅन आयपी १००.७२ ने सुरू होत होता.